मामीची हार्ड डिस्क आणि शेंगदाण्याचे लाडू

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण सांगतोच. चहा येईपर्यंत माझी अब्रू काढून घ्या, नंतर तुमच्यापैकी कुणाची तरी काढू.

कुपवाडला मी मशीनच्या प्रोग्रॅमिंगचं काम करतो. एवढ्यावरून गावाकडं, म्हणजे कवठे महांकाळच्या बाजूला, माझी ख्याती अशी की सदाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. ही ख्याती मीच पसरवलेली. दुसऱ्या कुणाला एवढा वेळ होता?

तर आमच्या धनगर समाजाचा मेळावा ठरला. आमचे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून शाळा भरल्यासारखा. त्यांनी कॅमेरा घेऊन वस्त्या-वस्त्यांवर फिरून म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या, ढोल, गजीनृत्य असं पुष्कळ काही जमा केलं होतं. त्यांचं म्हणणं, हे घराघरात पोचलं पाहिजे. इंटरनेटवरून उतरवून घ्या म्हणावं, तर वस्तीवर साधा फोन लावायचा तरी बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. मग ठरलं, प्रत्येक घरानं एक हार्ड डिस्क पाठवायची. मी त्या तयार करायच्या, सगळ्यांत ओव्या भरायच्या आणि मेळाव्यात ज्याची त्याला द्यायची.

"तयार करायच्या म्हंजे काय रं?" गुरुजींनी विचारलं.

"फॉरमॅट करायच्या गुरुजी. पाटी पुसून घेतो तशा. मग टीव्हीला लावल्या तरी चालत्यात."

गुरुजींनी निरोप सोडला: रिकामी हार्ड डिस्क पाठवा.

इथंच माशी शिंकली.

आमच्याकडं रिकामं काही कुणाच्या दारात जात नाही हो! शेजारणीचा ताकाचा तांब्या परत करायचा, तरी तळाशी मूठभर काहीतरी घालून देतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. डिस्का येऊ लागल्या तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. कुणाच्या पिशवीत डिस्कबरोबर शेंगा, कुणाच्या चिरमुरे, कुणी गुळाचा खडा बांधलेला. मायाप्पामामांच्या घरची डिस्क तर शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यातून आली. वर लाडू, खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क.

मायाप्पामामा म्हणजे ओव्यांतला मोठा माणूस. त्यांनी गळा काढला की मेंढरं चरायची थांबायची असं लोक सांगतात. मेंढरांना कुणी विचारलं नाही, पण माणसं नक्की थांबायची. गुरुजींचा कॅमेरा त्यांच्या वस्तीवर पोचायच्या आधीच ते गेले. मागं राहिली मामी, आणि फौजेत असलेला मुलगा शिवा.

रविवारी दुपारी मी खोलीवर डिस्का मांडून बसलो. सहा-सहा एकदम लावल्या. पुसायच्या आधी आत काय आहे ते बघायचं असतं, हे नवशिक्यालाही कळतं. मी बघितलं का? छे! रिकाम्या मागवल्यात म्हणजे रिकाम्याच असणार. कॉम्प्युटर बिचारा विचारत होता, यातलं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? माझ्या एका हातात मामीचा लाडू, दुसऱ्या हातानं 'हो'. त्यानं परत विचारलं. परत 'हो'.

मंगळवारी मामीचा फोन आला. बांधावरून, वाऱ्याच्या घोंघाटासकट.

"सदा, डबा पोचला का रं?"

"पोचला की मामी!"

"आत घातल्यालं बघितलंस?"

"बघितलं म्हंजे? संपवलं!"

"समदं? एका बैठकीला?"

"एका बैठकीला!"

मामी हळूच म्हणाली, "रडलास का रं?"

आता तुम्हीच सांगा, लाडू खाऊन कोण रडतं? पण म्हातारं माणूस मायेनं विचारतंय. माझ्या जिभेला हाड असतं तर! "आलं की डोळ्यात पानी," मी म्हणालो.

"मग त्या दिवशी समद्यास्नी दे बाबा. तुज्याच हातानं."

"देतो की!" मला वाटलं, मामी आणखी एक डबा पाठवणार.

मेळाव्याला मंडप खच्चून भरला. जतकडचीही माणसं आली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागं, पुढ्यात नावं चिकटवलेल्या, ओव्यांनी काठोकाठ भरलेल्या डिस्का. नवरदेवालाही एवढा भाव नसेल. आणि गुरुजींनी माईक हातात घेतला.

"आता आपलं मायाप्पा! माज्या क्यामेऱ्यात ते घावलं न्हाईत, ही माजी चूक. पर शिवानं मोबाईलवर घेतल्याल्या तेंच्या ओव्या मामीनं डिस्कंत घालून पाटवल्यात. सदानं समद्या ऐकल्यात. लय रडला म्हनं! लाव रं सदा!"

टाळ्या पडल्या.

मी मामीची डिस्क लावली. आत तेच होतं जे बाकी सगळ्यांत होतं, गुरुजींनी जमवलेलं. मामांचा एक शब्द नाही. पण मी काय म्हणालो? म्हणालो, "केबल ढिली हाय." कुणीतरी धावत जाऊन केबल आणली. मी म्हणालो, स्पीकर. स्पीकर बदलला. मी म्हणालो, लाईट कमी येतीय. दोघंजण जनरेटर आणायला निघाले. अजून थोडा वेळ मिळाला असता तर मी नवीन मंडप घालायला लावला असता!

पुढच्याच ओळीत मामी बसली होती. दोन्ही हात मांडीवर, नजर स्पीकरकडं. तो चेहरा बघितला आणि माझी थाप संपली.

"मामी, पुसलं गेलं माज्याकडनं."

"मग परत लाव की."

"परत येत न्हाई. शिवाच्या मोबाईलात असंल की?"

"मोबाईल भरला म्हनून तेनं त्यातलं काढून ह्यात घातलं. मीच सांगितलं, घाल म्हनून. समाजाच्या कार्याला रिकामी डिस्क कशी पाठवू रं?"

गुरुजींच्या हातातला माईक चालूच होता, त्यातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मामीनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "लाडू तरी बरं झालं हुतं का?"



कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसं गुपचूप आपापली डिस्क उचलून गेली. मामीनं तिची पदरात गुंडाळली. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि आज सांगतानाही कानशिलं गरम झालीत बघा.

सांगलीत पुसलेलं परत काढून देणारा एकजण आहे. मामी डिस्क माझ्या हातात द्यायला तयार नव्हती. एसटीनं आली, डिस्क मांडीवर धरून. दुकानात स्वतःच्या हातानं त्याच्याकडं दिली आणि मला म्हणाली, "तू जरा बाहीर थांब." मी थांबलो. दुसरं काय करणार?

दुकानदारानं नंतर मला सांगितलं, नुसतं पुसलं असतं तर बरंच मिळालं असतं. पण तुम्ही त्याच्यावर पुन्हा काठोकाठ भरलंत. म्हणजे आख्ख्या समाजाच्या ओव्या मी मामांच्या ओव्यांवर नेऊन बसवल्या होत्या.

पाच दिवसांनी त्याचा फोन आला. एकच तुकडा हाताला लागलाय, अर्ध्या मिनिटाचा असेल. मामी परत आली. या वेळी मला आत घेतलं.

त्यानं लावलं. आधी नुसता अंधार, मग खांद्यावरचं घोंगडं, मग मामांचा अर्धा चेहरा. मागं कुणीतरी ढोलावर एकदा थाप मारून बघितली. मामांनी घसा खाकरला. मामीनं माझं मनगट घट्ट धरलं. आता ओवी येणार!

"शिवा," मामा म्हणाले, "हे एकाच डबीत ठिवू नगंस हां. दुसरीकडं बी ठिव. न्हाईतर एकादा शाना यील आन् समदं पुसून टाकील."

संपलं. एवढंच.

मामी आधी हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "परत लाव."

त्या दुपारी त्यानं ते सतरा वेळा लावलं. आणि सतराही वेळा 'शाना' आला की मामी वळून माझ्याकडं बघायची. शेवटी शेवटी तर दुकानदारही बघायला लागला.