आईने मोकळी केलेली पाती

बोरीवलीत आमच्या घरामागचा फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मी तिथली एक जुनी मॅन्युअल लेन्स घेतली. काच स्वच्छ होती, फोकस मऊ फिरत होता. घरी येऊन ती खिडकीसमोर धरली आणि ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी रिंग फिरवली, तेव्हा कळलं. रिंग दोनपासून सोळापर्यंत टकटक करत जात होती, पण आतली पाती जागची हलत नव्हती. भोक सताड उघडं.

अंधेरीच्या एका दुरुस्तीवाल्याने बॅटरी मारून पाहिलं. "पात्यांवर तेल उतरलंय, मॅडम. खोलली तर परत धड बसणार नाही. शोकेसमध्ये ठेवा."

हे मी आईला सांगितलं. आई बावीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात जोडणीच्या टेबलावर होती. आता हात कापतात म्हणून आम्ही तिला सुईसुद्धा ओवू देत नव्हतो. ती म्हणाली, "आण गो हय."

"राहू दे ना, आई. वाट लागेल तिची."

"मग आता काय चालतेय ती?"

रविवारी दुपारी तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि टेबलावर पांढरा टॉवेल पसरला. तीन स्क्रू काढताच मोहरीपेक्षा बारीक छर्रा उडाला आणि टॉवेलात अडकला. "म्हणून टॉवेल," ती मान वर न करता म्हणाली. घड्याळवाले वापरतात ते पांढरं पेट्रोल कापसाच्या काडीला लावून ती एकेक पातं पुसत गेली. मनगटं टेबलाच्या कडेला टेकलेली. बोटं जराही कापत नव्हती.

जोडल्यावर पाती मिटली, पण सोळावर भोक सगळ्यात लहान हवं, ते तिथेही मोठंच राहिलं. मी माझी चांगली लेन्स सोळावर लावून शेजारी धरली. आईने रिंग सैल करून केसभर सरकवली, पाहिली, परत सरकवली. चौथ्या खेपेला दोन्ही भोकं सारखी झाली, तुरीच्या डाळीएवढी.

मग मी गॅलरीतल्या तुळशीचे सात फोटो काढले, रिंगच्या प्रत्येक घराला एक. दर वेळी भोक एक घर लहान केलं आणि शटरचा वेळ दुप्पट. सातही फोटो एकसारख्या उजेडाचे आले, म्हणजे प्रत्येक घराला भोक बरोबर मिटत होतं. आईने ते दोनदा पाहिले आणि दिंडोशीला मावशीला फोन लावला.

"घड्याळापेक्षा सोपी गो," ती सांगत होती. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आणखी काय बिघडलंय घरात?"

मी मिक्सर काढून दिला.