गोदामातली मुलगी

गेल्या उन्हाळ्यात माझी लेक लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, तू आत आहेस!"

मी कणीक मळत होते. आत म्हणजे कुठे, मला कळेना. तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. पडद्यावर एक गोदाम होतं. पोत्यांची थप्पी, पिवळा दिवा आणि खुर्चीला बांधलेली एक मुलगी. माझी वेणी, माझ्या हनुवटीवरचा तीळ, माझाच चटणी रंगाचा कुडता. फक्त वय विशीचं.

कॉलेजात असताना मी नाटकांत कामं करायची. वडील कारखान्यात फोरमन होते आणि आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्या सुमारास मुंबईहून एक युनिट आमच्या भोपाळात सिनेमा करायला आलं. गल्लीतल्या एका गुंडाची गोष्ट होती. ठेकेदाराच्या मुलीला पळवून आणतात, असा त्यात प्रसंग होता. ती भूमिका करणारी मुलगी ऐनवेळी आली नाही. आमच्या नाटकाच्या सरांनी माझं नाव सुचवलं. आईने नको म्हटलं, वडील म्हणाले, "जाऊ दे, एका दिवसाचं तर काम आहे. मी सोडतो आणि आणतो."

गोदाम तेंदूपत्त्याचं, विडीच्या पानांचं होतं. आत शिरल्या शिरल्या घशात धूळ बसली. मला खुर्चीला बांधलं, दोन-तीन शॉट घेतले आणि जेवणाची सुट्टी झाली. मी दोर सोडायला सांगितला, तर सहायक म्हणाला, "गाँठें मत खुलवाइए मैडम, फिर मैच नहीं होंगी. बस दस मिनट." बाहेर बघ्यांची गर्दी होती, म्हणून शटर खाली ओढलं. दिवा चालू ठेवला, पंखा मात्र बंद केला.

आधी मला हसूच आलं. नंतर ताटांचे आवाज यायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की दहा मिनिटं कधीच होऊन गेली आहेत. घामाने कपाळ चुरचुरत होतं आणि पुसता येत नव्हतं. मी हाका मारल्या. बाहेर जनरेटर धडधडत होता. घसा कोरडा पडला, खोकल्याची उबळ येऊन श्वास घेता येईना. मला वाटलं, हे लोक मला विसरले. मग मी किंचाळायला लागले. पाणी मागितलं, आईला हाका मारल्या, शेवटी नुसतीच रडत राहिले.

शटर वर गेलं तेव्हा दिग्दर्शक टाळ्या वाजवत आत आला. "मिल गया! यही चाहिए था." पलीकडच्या भिंतीत एक झरोका होता, त्यातून त्यांनी मला चित्रित केलं होतं. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मी काय केलं? मीही हसले. वडील बाहेर स्कूटरपाशी उभे होते. "झालं का?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हणाले.

सिनेमा पडला. आम्ही सुटलो असं आईला वाटलं. माझं लग्न झालं, बी.एड. झालं, भोपाळातल्याच अयोध्या नगरच्या एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायला लागले. मग केव्हातरी तो सिनेमा टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागू लागला, पुढे मोबाइलवर फिरू लागला. पोरांना त्यातले संवाद पाठ झाले. सगळ्यात गाजला तो माझा प्रसंग, माझ्या रडण्याला मागाहून गुंडाचे शॉट जोडून केलेला. मुलगी पाणी मागते, गुंड ग्लास भरून तिच्यासमोर धरतो आणि स्वतःच सावकाश पितो. माझ्या नवऱ्याला कोण कौतुक! पाहुणे आले की तो प्रसंग लावायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "ही आमची हिरॉइन." मी चहा टाकायला उठायची.

आता एका कंपनीने त्याच सिनेमावर गेम काढला होता. खेळणारा म्हणजेच तो गुंड. गोदामात आला की मुलगी "पानी... पानी दे दो" म्हणते. आवाज माझाच, सिनेमातून उचललेला.

"हिला पाणी दे बरं," मी लेकीला म्हणाले.

तिने ग्लास उचलला. पडद्यावरचा हात वर गेला आणि गुंडच पाणी प्यायला. तिने पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. दोर कापून बघितला, कापला जात नव्हता. दार उघडून बघितलं, आतून उघडत नव्हतं.

"देताच येत नाही गं. नुसतं पिता येतं," ती म्हणाली. मग हसून, "पण काय ॲक्टिंग केलीयेस!"

मी परातीत हात घातला.

शाळा सुरू झाली आणि व्हरांड्यात पोरं दिसायला लागली. मी आले की एखादा बाटली उघडायचा, माझ्याकडे बघत घोट घोट पाणी प्यायचा. "पानी, मैम?" मागे खसखस पिकायची. ओरडावं तर कशाबद्दल? पाणी पिण्याबद्दल? प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "छुपी रुस्तम निकलीं आप! ऐन्युअल फंक्शन में ड्रामा आप ही कराइए." मी वर्गावर जाताना मागच्या जिन्याने जायला लागले. उन्हाळा सरला नव्हता, तरी शाळेत मी पाणी पीत नसे. कोणी बघेल म्हणून.

शेवटी लेकीने कंपनीचा नंबर शोधून दिला. फोनवर एक तरुण होता, फार अदबीने बोलत होता.

"मैम, आप तो लीजेंड हैं! उस सीन में आपकी ऐक्टिंग..."

"वो ऐक्टिंग नहीं थी," मी म्हणाले. आणि मग शटर, पंखा, झरोका, सगळं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तेही एका परक्याला. "मैं टीम से बात करता हूँ, मैम," तो म्हणाला.

फोन ठेवला तर नवरा दारात उभा. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला तो सीन इतका आवडायचा," मी म्हणाले.

तो खाली बसला. 

काही आठवड्यांनी त्या तरुणाचा फोन आला. सिनेमाचे हक्क निर्मात्याकडून घेतलेले आहेत, तरी कंपनी चेहरा बदलायला तयार आहे, म्हणाला. कॉम्प्युटरवर बनवलेला चेहरा, कुणाचाच नसलेला.

"और पानी?" मी विचारलं. "खेळणाऱ्याला द्यायचं असेल तर देता येईल, असं एक बटण करा," हे मी त्याला हिंदीत समजावून सांगितलं.

"मैम, वो तो आइकॉनिक है. लोग उसी के लिए खेलते हैं."

मी चेहऱ्याला हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

नवा चेहरा आला. लेकीने दाखवला. गोरी, घाऱ्या डोळ्यांची कोणीतरी मुलगी. तिने तोंड उघडलं आणि माझा आवाज आला. लेकीने घाईघाईने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "थोडं तरी मोकळं वाटतंय का गं?" तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं होतं. "नाही," मी म्हणाले.

दिवाळीनंतर अकरावीच्या वर्गात पुन्हा कुणीतरी बाटली उघडली, तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि त्यांना गोदामातलं सगळं सांगितलं. रागावून नाही, धडा सांगावा तसं. पोरं खाली बघत बसली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मैम, आपने मना क्यों नहीं किया?"

"हाथ बँधे थे," मी म्हणाले. काही मुलं हसली. मग हसणं चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळलं.

त्या वर्गाने पुन्हा कधी तसं केलं नाही. पण शाळेत दरवर्षी नवी मुलं येतात, त्यांतल्या कुणाच्या तरी घरी तो गेम असतो, आणि निवृत्तीला माझी अजून बरीच वर्षं आहेत.