नाताळात फोडलेलं कारीट

काल बाजारात कारिटं दिसली आणि हात आपोआप तिकडे गेला. नरकचतुर्दशीला आंघोळ झाली की तुळशीपुढे 'गोविंदा' म्हणत पायाच्या अंगठ्याने फोडायचं ते लिंबाएवढं कडू फळ. हातात घेतलं आणि एक नाताळ आठवला.

आमचे हे बोटीवर होते. त्या वर्षी दिवाळी त्यांच्याविना झाली, म्हणून त्यांच्या वाटचं कारीट मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. हे आले ते थेट नाताळच्या आदल्या दिवशी. तीन वर्षांची सई माझ्या पदराआडून बाहेर येईना. घरात हे कोण काका आलेत, अशी बघत राहिली.

नाताळच्या सकाळी मी ह्यांना तेल-उटणं लावलं. शेजारच्या रोझीकाकूंच्या दारात नाताळची कागदी चांदणी अजून पेटलेली होती, त्यांनी पाठवलेला केक आमच्या चकल्यांशेजारी ताटात होता. आंघोळ करून ह्यांनी कारिटावर अंगठा दाबला. सुकून चिवट झालेलं ते, फुटेना.

"अगो, दगड ठेवलास की काय?"

तेवढ्यात सई धावली. ह्यांच्या पावलावर आपलं इवलं पाऊल ठेवून सगळा भार देऊन ओरडली, "बाबा, जोरात! गोविंदा!"

कारीट फुटलं. मी बिया पुसायला फडकं शोधत होते. तिने 'बाबा' म्हटलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही. हे मात्र पाय न हलवता तसेच उभे होते.

आता सई स्वतः बोटीवर असते, यंदा नाताळला येणार आहे. काल घरी येऊन मी कारीट ठेवायला तांदळाचा डबा उघडला, तर त्यात ह्यांनी एक आधीच ठेवलेलं होतं.