अप्पांचा अलुम्नुस

मंगळवार जेवून उठला की ताटात मीठसुद्धा उरायचं नाही. मंगळवार म्हणजे माणूस हो! वार लावून जेवणारा कॉलेजातला मुलगा. आमच्याकडे मंगळवारी यायचा, म्हणून गिरगावातल्या आमच्या चाळीने त्याचं नावच मंगळवार पाडलं. आईबाप कोकणात वारलेले. लालबागला गिरणीकामगारांच्या खोलीत पथारी टाकायचा आणि तिथून चालत यायचा. भूक लागणारच मेल्याला.

जेवण झालं की अप्पा त्याला लॅटिन शिकवत. माझे वडील शाळेत लॅटिनचे मास्तर, पण घरात पुस्तक उघडायचं ते फक्त याच्यासाठी. मी खरकटं काढताना कान तिकडे लावायची. नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा त्याने विचारलं, "सर, अलुम्नुस म्हणजे माजी विद्यार्थी ना?"

"तो फार नंतरचा अर्थ रे. मूळ धातू पोसण्याचा. दुसऱ्याच्या घरी खाऊनपिऊन वाढलेलं पोर, त्याला रोमन लोक अलुम्नुस म्हणत. म्हणजे तू."

त्याचे डोळे भरून आले. मी आतून विचारलं, "आणि पोटच्या पोरीला काय म्हणतात?"

"फीलिया," अप्पा म्हणाले, "जरा ताक आण."

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात मंगळवार तुरुंगात गेला. चाळ हळहळली, मी मात्र केसबिस विंचरून अप्पांपुढे जाऊन बसले. अप्पांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं. "त्याचा धडा अर्धा राहिलाय. येऊ दे त्याला."

तो सुटून आला. आईने ओवाळलं, अप्पांनी तर मिठीच मारली. मला कधी जवळ घेतलं होतं त्यांनी? माझा बांध फुटला.

"अप्पा, मला का नाही हो शिकवलंत?"

"तू कधी मागितलंस?"

"त्याने तरी कुठे मागितलं होतं? तुम्हीच बोलावून बसवलंत!"

मंगळवारने आपलं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "ताई, मी शिकवतो तुम्हाला." अगदी मनापासून म्हणाला. कपट नव्हतंच त्याच्यात, त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

"लॅटिन कुणाला हवंय?" मी ओरडले. "मला माझे अप्पा हवेत!"

तो ताट धुऊन निघून गेला.

पुढच्या मंगळवारी आला नाही. कुणीतरी सांगितलं, त्याने मंगळवारच्या जेवणाला ठाकुरद्वारला दुसरं घर धरलंय. अप्पांनी मला हाक मारली, शेजारी बसवलं, पहिला धडा काढला. वाचत होते माझ्यासाठी, पण नजर सारखी दाराकडे. जाऊनसुद्धा मेला माझी जागा अडवून बसला होता.