मापाचा पट्टा

माझं लग्न झालं ते इंग्रज गेल्याच्या पुढच्या साली. अर्जुनीच्या अलीकडे, तळ्याच्या पाळीखाली माझं सासर. घरी थोडी धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत होतं, पण तिच्यावर साऱ्या घराचं भागत नसे. म्हणून घरातले दोघे भाऊ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात झाडांवर चढायचं काम करत. कुसुमाच्या उंच झाडांवर लाख धरते. फांदीला चिकटून बसलेला तो लालसर थर फांदीसकट तोडून खाली टाकायचा, हे त्यांचं काम. लाखेचा हंगाम सरला की चिंचा, मग कोणाच्या घरावर आलेली फांदी.

गावातले बाकीचे लोक कमरेला नुसता दोर बांधून चढत. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, ऐन जवानीत खांबांवर चढून तार ओढणाऱ्या टोळीबरोबर हिंडले होते. त्या लोकांचे पट्टे पाहून त्यांनी आपल्यासाठी तसाच एक करवून घेतला होता. कमरेभोवती चामड्याचा रुंद पट्टा, दोन्ही मांड्यांखालून येणारे दोन पट्टे आणि समोर लोखंडी कडी. कडीत दोर अडकवला की माणूस फांदीला बसल्यासारखा लटकायचा आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहायचे.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात भासरे तापाने गेले. धिप्पाड माणूस, आठवड्यात संपला. हिवाळा लागला, लाखेचं काम निघालं, तेव्हा सासूने खुंटीवरचा पट्टा काढला, पदराने पुसला आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी तो कमरेला बांधला. माझा नवरा अंगाने बारीक. पट्टा शेवटच्या भोकावर घेतला तरी ढिला. जमिनीवर उभं असताना ते ध्यानात येत नसे. झाडावर लटकलं की तो सरकत सरकत बरगड्यांपर्यंत यायचा आणि सगळा भार काखेखाली पडायचा. संध्याकाळी ते सदरा काढत तेव्हा दोन्ही बाजूंना कातडी सोलून निघालेली असायची. मी करंजीचं तेल कोमट करून लावायची. तेल लावताना ते दात दाबून बसत आणि आवाज आत सासूपर्यंत जाऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे करत.

"आत्याबाईले सांगा ना," मी म्हणायची.

"काय सांगू? तिच्या लेकाचा पट्टा हाये. घालतो तं तिले बरं वाटते."

एकदा तोच पट्टा वर लटकले असताना उलटला. पाय वर, डोकं खाली असे ते फांदीला लोंबत राहिले. शेजारच्या झाडावर त्यांचा सोबती होता, गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. तो उतरला, यांच्या झाडावर चढला आणि त्याने त्यांना खांद्याला धरून सरळ केलं. घरी आले तेव्हा डोळे लाल झाले होते. सोबत्याने सगळं ओसरीवर सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सासूसमोर बोलले. म्हटलं, यांना यांच्या मापाचा पट्टा पाहिजे.

"माह्या लेकानं तो इतके साल घातला," सासू म्हणाली. "त्याले कधी टोचला नाई. याले कायले टोचते?"

चुलीपाशी माझी जाऊ बसली होती, भासऱ्यांची बायको. नवरा गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. ती उठून दाराशी आली.

"आत्याबाई, भाऊजीले नवा बनवू द्या," ती म्हणाली. "तो पट्टा घालून ते पाळीवरून येते, तं मले लांबून आमचेच मालक येऊन राह्यले असं वाटते. मंग जवळ आले का तोंड दिसते. रोज किती खेपा पाहू मी?"

सासू म्हणाली, "आनाच मंग नवा." पुन्हा त्या घरात जुन्या पट्ट्याचं नाव निघालं नाही. जावेने तो कुठे ठेवला, मी कधी विचारलं नाही.

अर्जुनीच्या बाजाराच्या टोकाला एक म्हातारा मोची बसायचा. त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याच्यापाशी बैलांचे पट्टे, चपला, मोटेची चामडी असं सगळं होतं. त्याने नवऱ्याची कमर मापली, मांड्या मापल्या, आणि पुढच्या बाजारी या म्हणाला. पुढच्या बाजारी गेलो तर त्याने दोन पट्टे कच्चे शिवून ठेवले होते. एक नुसत्या मऊ चामड्याचा, अरुंद, दिसायला देखणा. दुसरा खाटेच्या नवारीचा, दुहेरी, वरून चामडं शिवलेला, रुंद आणि जड. नवऱ्याने हलका म्हणून पहिला उचलला, बांधला आणि म्हणाले, "हा बराबर हाये."

"उभं राहून पट्टा कोनालेही बसते, भाऊ," मोची म्हणाला. "लटकून पाहा."

मागे चिंचेचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीला दोर टाकून त्याने यांना जमिनीपासून हातभर उचललं आणि आपण पान लावायला बसला. पान तोंडात जाईपर्यंत नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. मांडीखालचा चामड्याचा पट्टा गोळा होऊन दोरासारखा रुतला होता.

"कुठं टोचते ते सांगा. लाजू नका, बाई घरचीच हाये."

ते हसले आणि उतरले. दुसरा पट्टा बांधला. मोचीने तो ओढून कमरेच्या हाडावर बसवला, मागून पट्टा आणि पाठ यांच्यात आपला पंजा घातला आणि मग मूठ करून पाहिली. "पंजा जाते, मूठ जात नाई. असाच पायजे." पुन्हा दोर ओढला. बाजाराला आलेले लोक थांबून पाहू लागले. कोणीतरी म्हणालं, "काय मोची, मानूस वाळू घातला काय?" नवरा वरच पाय हलवत बसले होते, पाळण्यात बसावं तसे. किती वेळ झाला तरी उतरायचं नाव नाही. मोचीने दोन्हीकडे भोकं पाडली आणि पितळी बक्कल मधल्या भोकात लावून दिलं. "धान निघालं का मानूस भरते, तवा एक भोक सोडजा."

तो हिवाळा चांगला गेला. काखेखालचे व्रण भरले, त्यांवर नवी कातडी आली. संध्याकाळी ते बोलायला लागले. वरून तळं कसं दिसतं, छोट्या आगगाडीचा धूर कोणत्या झाडाच्या मागून निघतो, हे मला सांगायचे. एक दिवस म्हणाले, "आज शिदोरी वरच बसून खाल्ली." मला त्या वेळी वाटलं, आपलं आता सुरळीत चाललं.

आणखी दोन वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात ते बक्कल एक भोक आत घेताना मला दिसले.

"चामडं वाढलं," ते म्हणाले.

थोड्या दिवसांनी शेवटचं भोक आलं. नंतर त्यांनी खिळा चुलीत तापवून स्वतःच एक भोक पाडलं, मग अजून एक. पट्ट्याचं टोक आता मांडीपर्यंत लोंबायचं. चामडं ओढ धरतं हे मलाही ठाऊक होतं, म्हणून मीच म्हटलं, चला, मोचीकडून आवळून आणू.

मोची आणखी म्हातारा झाला होता. त्याने पट्टा मांडीवर पसरला आणि शिवणीवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेला.

"चामडं वाढलं असतं तं टाके फाकले असते," तो म्हणाला. "टाके पाहा, जसे घातले तसेच हाये. पट्टा होता तेवढाच हाये."

मग त्याने पट्टा बाजूला ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी बिमार हा काय?"

"नाई."

"खोकला?"

मीच म्हणाले, "हाये. पावसाळ्यापासून हाये." आणि बोलता बोलता मलाच सगळं दिसायला लागलं. संध्याकाळी त्यांचं अंग कोमट लागायचं. ताटात भात राहायचा. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस आटत गेलं तर कळत नाही. मोचीने त्यांना तीन वर्षांनी पाहिलं होतं, त्याला लगेच कळलं.

घरी परतताना ते म्हणाले, "एवढी लाख उतरू दे, मंग जाऊ दवाखान्यात."

जावेने आणि मी ते चालू दिलं नाही. छोट्या गाडीने गोंदियाला गेलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "कब से बुखार आता है?" त्याने विचारलं. मग छातीचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं की क्षयाने दोन्ही फुप्फुसं धरली आहेत. "पेड़ पर चढ़ना बिलकुल बंद. खाना अच्छा, आराम पूरा." सुया दिल्या, गोळ्या दिल्या. जाऊ आणि मी दुसऱ्यांच्या बांध्यांत कामाला जाऊ लागलो. सासूने गाय ठेवली ती यांच्या दुधासाठी.

बाजाराच्या दिवशी ते अंगणात उभे राहून पट्टा बांधत आणि बक्कल कोणत्या भोकात बसतं ते पाहत. घरातले सगळे पाहत. एकदा खरंच एक भोक सुटलं. सासूने त्या दिवशी तांदळाच्या पिठाचे वडे केले, आणि त्यांनी दोन खाल्ले. पुढच्या खेपेला बक्कल पुन्हा होतं तिथे आलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून आत. मग एका बाजारच्या दिवशी त्यांनी पट्टा मागितलाच नाही.

थंडीच्या सुरुवातीला त्यांचा चुलत भाऊ आला आणि म्हणाला, "तुमी तं आता चढत नाई. तो पट्टा मले द्या."

नवऱ्याने मला आंब्याच्या फांदीला दोर टाकायला लावला आणि आपण ओसरीवर खाटेवर उशीला टेकून बसले. चुलत भाऊ अंगाने रुंद. पट्टा बांधून लटकला तर मांड्यांखालचे पट्टे वर ओढले गेले आणि कडी एका कुशीकडे वळली.

"तुले नाई बसत. उतर."

"चालते मले," तो म्हणाला.

"नाई चालत."

सासू मध्ये पडली. "घरचा हाये तो. बाहेरच्याले देशील काय मंग?"

"घरचा हाये म्हनूनच नाई म्हनून राह्यलो, माय," ते म्हणाले. एवढ्यानेच त्यांना खोकला लागला. चुलत भाऊ पट्टा टाकून रागाने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोबत्याला बोलावलं, ज्याने त्यांना त्या दिवशी फांदीवर सरळ केलं होतं तोच. तो नको नको म्हणत होता. शेवटी बांधला आणि लटकला. नवरा खाटेवरून एकेक विचारत गेले. मांडीखाली टोचते काय? हात वर केला तं पट्टा सरकते काय? मागं कललं तं पोट दाबते काय? तो प्रत्येकाला नाही म्हणत होता.

"मुंग्या येतपर्यंत बस," ते म्हणाले. "मंग सांग."

तो बसून राहिला. मुंग्या काही आल्या नाहीत.

"माय, मागून पंजा घालून पाह्य," ते सासूला म्हणाले. "मंग मूठ करून पाह्य."

सासू उठली. त्या परक्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून तिने पट्ट्यात आपला पंजा घातला. गेला. मूठ केली. नाही गेली.

"बराबर हाये," ती म्हणाली. हात बाहेर काढून, पदर कपाळावरून पुढे ओढून ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"घेऊन जा," नवरा सोबत्याला म्हणाले. "पावसात भिजला तं सावलीत वाळवजो. उन्हात नाई."

धान कापून झालं, चुरणं म्हणजे मळणी झाली. मळणीच्या दिवसांत ते फक्त पेज घेत. एका दुपारी मी त्यांना कुशीवर वळवायला हात घातला तेव्हा ते गेलेले होते. सोबती रानातून धावत आला. तिरडी उचलताना पुढे तोच होता.

सगळे गेल्यावर जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझ्या बांगड्या दुसऱ्या कोणाला काढू दिल्या नाहीत. माझा हात आपल्या मांडीवर घेऊन तिने स्वतः एकेक उतरवली, फोडली नाही. मी रडत नव्हते. ती म्हणाली, "रड. आता रडून घे. संध्याकाळी पानी आनाले तुले-मलेच जा लागन."

मग मी रडले. संध्याकाळी आम्ही दोघी घागरी घेऊन तळ्यावर गेलो.