पालथी नक्षी

मोरोक्कोतल्या फेझ या जुन्या शहरावर मी एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. आमच्या कंपनीत पुस्तकं वाचणारा मी एकटाच. त्यामुळे इथे आखातात, देरा भागातल्या एका हॉटेलच्या लॉबीत ‘फेझचं वैभव’ उभं करायचं ठरलं, तेव्हा देखरेख माझ्या गळ्यात पडली. वैभव म्हणजे पीओपीची निळी कमान, तिच्यामागे लिफ्ट आणि मधोमध कारंजं. त्यातलं फक्त कारंजं खरं असणार होतं, कारण त्यासाठी मूळचा फेझचा, साठीचा एक उस्ताद आणला होता. रंगीत फरशीतून हातोडीने नखाएवढे तुकडे काढून तो त्यांची नक्षी जुळवायचा. या कामाला तिकडे झलीज म्हणतात.

पहिल्याच दिवशी मी मोडक्यातोडक्या अरबीत त्याला त्याचंच शहर समजावून सांगितलं. चामडं रंगवायचे हौद, देवदारावरचं कोरीवकाम, शेवटी तो प्राचीन निळा दरवाजा.

“तो नवा आहे, हबीबी,” तो म्हणाला. “फ्रेंच आल्यावर बांधला. माझ्या आजोबांनी बांधताना बघितलाय.”

पुस्तकात हे तळटीपेत असावं. तळटिपा मी गाळतो.

तीन वर्षं तो इकडेच कामं करत होता; आता येत्या ईदला घरी जाणार होता. कारंज्यामागचा नक्षीचा मोठा पट्टा तेवढा उरला होता. “हा झाला की खलास. यल्ला, विमान!” असं तो दिवसातून दहादा म्हणायचा.

तो पट्टा त्याने जमिनीवर मांडला. चार दिवस उकिडवं बसून हजारभर तुकडे लावले आणि वर पातळ प्लास्टर ओतलं. मला दिसत होता फक्त मातकट रंग. त्यातच संध्याकाळी हॉटेलच्या मालकांना घेऊन येतोय, असा साहेबांचा निरोप आला.

“रंग कुठाय?” मी विचारलं.

“परवा दिसेल. हात लावू नका.”

परवा, इन्शाल्ला, परवा. आखातात राहून हे शब्द ऐकायची मला सवय झाली होती. तो दुपारच्या, असरच्या नमाजाला गेला आणि मी दोन मजुरांना एक कोपरा उचलायला सांगितला.

प्लास्टर मधे ओलंच होतं. पट्टा वाकला, फाटला आणि तुकडे धडाधड खाली पडून सुलटे झाले. निळे, हिरवे, पांढरे. झलीज पालथं मांडतात. तोंड जमिनीकडे, पाठ वर. कारागीर अख्खी नक्षी न बघता जुळवतो. माझ्या पायाशी आठ टोकांचा अर्धा तारा शाबूत पडला होता. इतकी नेमकी गोष्ट मी त्या लॉबीत दुसरी पाहिली नव्हती.

उस्ताद परत आला. मग खाली बसून तुकडे वेचता वेचता म्हणाला, “पुस्तकात हे नव्हतं?”

मीही वेचू लागलो. रात्री शारजाच्या घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “साहेबांना सांगितलंत का?”

“सांगेन.”

“म्हणजे नाही सांगणार.”

सकाळी मी रिपोर्ट लिहिला: ‘कारागिराच्या पद्धतीतील दोषामुळे विलंब.’ वाक्य सुबक होतं. साहेबांनी उस्तादाची रजा रद्द केली.

ईदच्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन मी मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात गेलो. माफी मागायची, रिपोर्टाबद्दलही सांगायचं, असं गाडीत ठरवलं होतं. खोलीत आठ खाटा होत्या. उस्तादाने नवा कुर्ता घातला होता. त्याने मला आपल्या खाटेवर बसवलं, पुदिन्याचा चहा दिला आणि सोबत्यांना म्हणाला, “याने माझ्या शहराचं अख्खं पुस्तक वाचलंय.”

मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला. तिथे आवाज खाली आणून म्हणाला, “ऑफिसात म्हणतात, म्हाताऱ्याचे हात गेले. चाळीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. तू सांगितलंस ना त्यांना?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांवर चिरा होत्या आणि त्यांत अजून प्लास्टर होतं.

पट्टा त्याने पुन्हा केला. उद्घाटनाआधीच त्याला परत पाठवलं, आणि कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. हॉटेलच्या माहितीपत्रकात ‘फेझच्या सिद्धहस्त कारागिरांची कला’ असं एक वाक्य आहे. तेही मीच लिहिलंय.