आधी स्नेहाचं ताट

शेवंताताई गरोदर बाईला नमस्कार करत नसत. आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. एकदा एका लग्नात त्यांनी भलत्याच बाईची पापणी ओढली. ती नवऱ्यामुलाची साठीतली आत्या निघाली. "मग काय झालं? रक्त तुमचंबी कमीच हाय," असं तिला सुनावून ताई पंगतीला बसल्या.

पंचवटीतल्या आमच्या अंगणवाडीच्या त्या सेविका. माहेर सिन्नरकडचं, आवाज एसटी स्टँडवरचा.

माझ्या सुनेला, स्नेहाला, सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ निघालं. महिन्याभरात वाढलं नाही तर रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी लगेच बदाम, प्रोटीन पावडर आणि केशर आणलं. लोहाच्या गोळ्या तर ती रोज माझ्यासमोरच घ्यायची.

ताई दुपारी एकला न सांगता आल्या आणि फ्रिजला टेकून बसल्या.

"केशर कशाला?"

"बाळ गोरं होतं म्हणतात."

"दूध पिवळं होतं. बाकी काय नाय होत."

मग त्या नुसत्या बघत राहिल्या. आधी आमचे मिस्टर आणि मुलगा जेवले. मिस्टरांनी मेथी तीनदा घेतली. त्यानंतर स्नेहा आणि मी बसलो. स्नेहा पोळीनं कढई पुसायला लागली.

"मेथी कुठंय गं?"

"संपली ताई. मला चालतं."

"तुला चालतं. आतल्याला इचारलंस का?"

मी म्हटलं, "आमच्याकडे पुरुष आधी जेवतात."

"जेवू द्या की. गरोदर पुरुष आधी, बाकीचे मागनं."

दुसऱ्या दिवसापासून बरोबर एकला ताई हजर. स्नेहाच्या ताटात बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, वर लिंबू. मिस्टरांनी सवयीनं पाट ओढला.

"भाऊ, कितवा महिना?"

मिस्टर उठले ते थेट गॅलरीत. महिनाभर ते तिथेच भुकेले फेऱ्या मारायचे. वजन उतरलं, आणि ते चालण्यानं उतरलं असं त्यांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं.

महिन्यानं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. रक्त चढवावं लागलं नाही. मुलगी झाली, चांगली दणकट. मी पेढे घेऊन ताईंकडे गेले. त्या निवृत्त होऊन सिन्नरला निघाल्या होत्या, सामान बांधत होत्या.

"सून जेवली?"

"हो."

"आन् तुम्ही?"

दोन वाजून गेले होते. मी "हो" म्हणून ठोकून दिलं. घरी आले, भाजी गरम केली, कुणाला न विचारता ताट वाढून घेतलं आणि दोघा पुरुषांच्या आधी जेवले. तीस वर्षं या घरात स्वयंपाक करतेय. माझ्या हातची भाजी गरम असताना कशी लागते, ते त्या दिवशी कळलं.